अभियंत्यांनो, विज्ञान महाविद्यालयात शिकवायचे आहे? विदर्भातल्या तालुक्यातून सुरुवात अशी करा

चंद्रपूर, पारस, तिरोडा, मौदा इथली औष्णिक वीज केंद्रे, वणी-बल्लारपूर पट्ट्यातल्या कोळसा खाणी, कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने, गोसीखुर्दचे कालवे, गावोगावची महावितरणची उपकेंद्रे. विदर्भाच्या ग्रामीण भागात अभियंत्यांची वाण नाही. त्याच भागातल्या तालुक्याच्या गावी बी.एस्सी.चे वर्ग असतात, आणि तिथल्या भौतिकशास्त्र, गणित, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र या विभागांत पूर्णवेळ पदे रिकामी पडलेली दिसतात. वर्षाचा बराचसा भार तासिका तत्त्वावरचे शिक्षक उचलतात. नोकरी, व्यवसाय किंवा शेती सांभाळून आठवड्यातले काही तास या मुलांना द्यावेत असे ज्या अभियंत्याच्या मनात आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

दोन गोष्टी आधीच सांगतो. या कामावर घर चालवायचा विचार असेल तर येऊ नका. आणि बी.ई.ची पदवी हातात आहे म्हणून कॉलेजचे दार आपोआप उघडेल असे समजू नका. पण कागद नीट जमवले आणि नियमित जाण्याची तयारी ठेवली, तर ग्रामीण कॉलेजच्या प्रयोगशाळेला अभियंत्याइतकी गरज दुसऱ्या कोणाची नाही, असे माझे ठाम मत आहे. फळ्यावर शिकवणारे मिळतात. बंद पडलेला कॅथोड रे ऑसिलोस्कोप उघडून बघणारा मिळत नाही.

आधी पदांची नावे समजून घ्या

गावाकडे सगळ्यालाच सरसकट ‘सीएचबी’ (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिका तत्त्व) म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत. अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर नेमणूक होते. त्यात प्रत्यक्ष घेतलेल्या तासाचे मानधन मिळते आणि नेमणूक त्या शैक्षणिक सत्रापुरती असते. विनाअनुदानित कॉलेजात संस्था आपल्या पैशातून नेमते, त्यामुळे अटी संस्थेशी बोलून ठरतात. विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांत अंशदायी किंवा अतिथी शिक्षक म्हणून तास मिळू शकतात. तिथे पात्रतेबाबत जास्त काटेकोरपणा असतो.

चौथा प्रकार खास अनुभवी माणसांसाठी आहे, तो म्हणजे ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ च्या सप्टेंबरअखेर त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा वरिष्ठ पातळीवरचा अनुभव असेल तर औपचारिक शैक्षणिक पात्रतेची सक्ती नाही आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षाही लागत नाहीत. काम पूर्णवेळ किंवा अर्धवेळ करता येते, मुदत एरवी तीन वर्षांपर्यंत, फार तर चार. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त अशा नेमणुका करता येत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजला ही वाट अजून अंगवळणी पडलेली नाही, आणि मानधनाची तरतूद कुठून करायची हा पहिला प्रश्न येतो. याच तत्त्वांत मानद नेमणुकीचीही सोय आहे. निवृत्तीजवळ आलेल्या, पैशाची निकड नसलेल्या अभियंत्याने प्राचार्यांसमोर हा पर्याय स्वतःहून ठेवावा.

विषय ठरवा, बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे

नवे लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकासाठी संबंधित किंवा संलग्न विषयातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी लागते. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमी लेयर) आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. त्यावर नेट किंवा सेट लागते. त्याऐवजी नियमांत बसणारी पीएच.डी. धरण्याची सोय या मूळ विनियमांत होती, २०२३ च्या दुरुस्तीचे शेवटी सांगतो. आयोगाच्याच २०१९ च्या सूचनांप्रमाणे अतिथी शिक्षकालाही सहायक प्राध्यापकाचीच पात्रता लागते. पात्र उमेदवार मिळाला नाही तर कॉलेजे कमी पात्रतेवर काम भागवतात हे खरे, पण पुढच्या वर्षी सेट झालेला उमेदवार आला की तुमची जागा जाते. त्यात त्याचा काही दोष नाही.

म्हणजे फक्त बी.ई.वर बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवण्याची पात्रता होत नाही. पुढची वाट तुमच्या शाखेवर ठरते.

संगणक किंवा आयटीवाल्यांची वाट सर्वांत सरळ आहे. एम.टेक. असेल तर ‘संगणकशास्त्र आणि उपयोजन’ या विषयात नेट-सेट देता येते आणि बी.एस्सी. संगणकशास्त्र, बीसीए अशा वर्गांना मागणीही आहे. इलेक्ट्रॉनिक्स, टेलिकॉमवाल्यांसाठी ‘इलेक्ट्रॉनिक सायन्स’ हा विषय आहे. त्याचा अभ्यासक्रम बघितला तर अर्ध्याहून अधिक तुमच्या ओळखीचा निघेल: नेटवर्क, अर्धवाहक उपकरणे, डिजिटल, मायक्रोप्रोसेसर, संदेशवहन. अडचण वेगळीच आहे. ग्रामीण भागात स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक्स विभाग असलेली कॉलेजे मोजकीच. म्हणून अभ्यासाला लागण्याआधी तुमच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात हा विषय कुठे आहे ते पाहून घ्या.

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिलवाल्यांना भौतिकशास्त्र किंवा गणित शिकवायचे असते. त्यांना त्या विषयाची एम.एस्सी. करावी लागते, दुसरा उपाय नाही. एम.टेक. थर्मल झालेला माणूस उष्मागतिकी कितीही चांगली शिकवू शकत असला तरी नियमाच्या भाषेत तो भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर ठरत नाही. केमिकल इंजिनिअर आणि रसायनशास्त्र यांचेही तसेच. पर्यावरणशास्त्र हा विषय मात्र थोडा मोकळा आहे. पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. केलेल्याने तिकडे जरूर चौकशी करावी.

नोकरी करून एम.एस्सी. कशी करायची? मुक्त आणि दूरस्थ शिक्षणातून. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे (इग्नू) नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे, आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही विज्ञान शाखेच्या पदव्युत्तर पदव्या देते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मात्र शुल्क भरण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. बी.ई.वर त्या विषयाला प्रवेश मिळतो का, त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, आणि प्रात्यक्षिकांचे केंद्र कुठे आहे. भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिके सलग दिवसांची असतात, म्हणजे तेवढी रजा लागते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने ती वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवावी.

‘संलग्न विषय’ या शब्दांवर फार विसंबू नका. कोणती पदवी कोणत्या विषयाशी संलग्न धरायची हे विद्यापीठ ठरवते. विभागप्रमुख तोंडी ‘चालते हो’ म्हणाले तरी मान्यतेची फाईल विद्यापीठात गेल्यावर अडू शकते. आपल्या पदवीचे नाव आणि शिकवायचा विषय लिहून विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या. यात महिने जातील, पण दोन वर्षे चुकीच्या पदवीत घालवण्यापेक्षा ते परवडते.

ज्यांना हे सगळे जड वाटते त्यांच्यासाठी जवळची एक वाट आहे. तंत्रनिकेतनात, म्हणजे पॉलिटेक्निकमध्ये, प्रथम श्रेणीतली बी.ई. पदवी अध्यापनाला पुरते. शासकीय तंत्रनिकेतने आर्वी, मूर्तिजापूर, खामगाव, साकोली, ब्रह्मपुरी अशा गावांतही आहेत. तिथे एक-दोन सत्रे तासिका घेतल्या की शिकवणे आपल्याला मानवते का हे कळते. एम.एस्सी.च्या खटाटोपात पडण्याआधी ते कळणे फार मोलाचे आहे.

नेट की सेट?

विज्ञानाच्या मूळ विषयांची नेट म्हणजे सीएसआयआर-नेट. सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, हिच्यासाठी ती राष्ट्रीय परीक्षा संस्था (एनटीए) घेते. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र आणि पृथ्वीविज्ञान हे पाच गट तिच्यात येतात. संगणक, इलेक्ट्रॉनिक्स, पर्यावरण हे विषय यूजीसी-नेटमध्ये आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, तिला नागपूर-अमरावती ही केंद्रे आहेत. सेटला पहिला पेपर १०० गुणांचा, सर्वांना समान, आणि दुसरा २०० गुणांचा विषयाचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीएसआयआरमध्ये कापतात. आपल्याला शिकवायचे विदर्भातच आहे, तेव्हा सेट पुरेशी आहे. कामावरून थकून घरी येणाऱ्या माणसाने तीच आधी धरावी.

एक सावधगिरी. सीएसआयआर-नेटला बी.ई.वाल्यांनाही बसता येते हे ऐकून अनेक जण अर्ज भरतात. पण केवळ पदवीवर बसलेल्याला संशोधन शिष्यवृत्ती किंवा पीएच.डी. प्रवेशासाठीच पात्र धरतात, सहायक प्राध्यापक म्हणून नाही. शिष्यवृत्तीला वयाची अट आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी वयाची कमाल मर्यादा नाही. पंचेचाळिशीत सेट देणाऱ्याने संकोच करू नये.

अभ्यासाबद्दल एवढेच सांगतो की भौतिकशास्त्रात अभियंत्याची गणिती पद्धती, इलेक्ट्रॉनिक्स आणि उष्मागतिकी तयार असते. पुंजयामिकी, सांख्यिकीय भौतिकी, अभिजात यामिकीतले लॅग्रांज-हॅमिल्टन आणि घन-अवस्था हे भाग कोरे असतात. वेळ तिकडे द्या. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि एम.एस्सी.च्या पातळीला ती पुरतात.

नोकरीतून परवानगी

शासकीय नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात आणि मानधन घेऊन बाहेर शिकवायला पूर्वपरवानगी लागते. महानिर्मिती, महावितरण, कोळसा कंपनी यांचे स्वतःचे सेवा विनियम आहेत. खाजगी कारखान्यात नेमणूकपत्रातले बाहेरच्या कामाचे कलम वाचा. परवानगी लेखीच घ्या आणि अर्जात आठवड्याचे तास, वेळ, संस्थेचे नाव स्पष्ट लिहा. ‘सत्र सुरू होऊ द्या, मग बघू’ म्हणून राहिलेली परवानगी पुढे मानधनाच्या बिलालाच अडते.

शिफ्ट बदलत असेल तर वेळापत्रक कसे बसवणार हे कॉलेजला आधीच सांगा. बी.एस्सी.चे वर्ग बहुतेक ठिकाणी सकाळी असतात. जनरल शिफ्टवाल्याला शनिवारखेरीज जमत नाही, रात्रपाळीवाला सकाळी जाऊ शकतो पण झोपेचे काय? आठवड्याला दोन दिवस ठरवून घेणे आणि ते कधीही न चुकवणे हे चार दिवस कबूल करून दोन चुकवण्यापेक्षा कितीतरी बरे. पंचवीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या मुलीला ‘आज सर येणार नाहीत’ हे फळ्यावर वाचून परत जावे लागू नये.

कॉलेज शोधणे आणि अर्ज

आपला जिल्हा कोणत्या विद्यापीठात येतो ते पाहा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे १९८३ च्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. सीमेवर राहणाऱ्याला दोन विद्यापीठांची कॉलेजे जवळ पडतात. वणीचा माणूस वरोऱ्याला जाऊ शकतो, पण मान्यतेची प्रक्रिया आणि अभ्यासक्रम वेगळे असतील हे लक्षात ठेवा.

अनुदानित कॉलेजात कार्यभाराप्रमाणे तासिकांची गरज काढली जाते, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची परवानगी येते, वर्तमानपत्रात जाहिरात निघते, मुलाखत होते आणि नंतर विद्यापीठाची मान्यता. उन्हाळ्याच्या शेवटापासून पोळ्यापर्यंत जाहिरातींवर लक्ष ठेवा. स्थानिक आवृत्तीत आत कुठेतरी छोट्या चौकटीत त्या छापून येतात, आणि संस्थेच्या संकेतस्थळावर येतीलच असे नाही. म्हणून एप्रिल-मे मध्येच विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटा. पुढच्या वर्षी कोणते पेपर कोणाकडे आहेत, किती तासिका मोकळ्या राहतील, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या किती, हे विचारा. सरळ माणूस सरळ सांगतो.

कागदांची एकच फाईल करा: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रे, नेट-सेट, लागू असल्यास जातीचे आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, नोकरीतली परवानगी. मुलाखतीला एक विषय पंधरा मिनिटे शिकवून दाखवायला सांगतात. तिथे प्रकल्पाचे स्लाइड शो काढू नका. खडू घ्या आणि बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या एखाद्या साध्या सूत्राची सिद्धता पायरीपायरीने मांडा.

आणि कोणी या नेमणुकीसाठी पैसे मागितले तर उठून या. एका सत्राच्या तासिकांसाठी एक रुपयाही देण्याचे कारण नाही. असे कॉलेज तुमच्या वेळेला लायक नाही.

मानधन

तासाचा दर राज्य शासनाच्या निर्णयाने ठरतो आणि वेळोवेळी बदलतो. अर्ज करताना चालू शासन निर्णय बघा. प्रात्यक्षिकाचा दर व्याख्यानापेक्षा कमी असतो. आठवड्याच्या तासिकांना मर्यादा असते, सुट्ट्यांचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात वर्ग नसतील तर मानधनही नाही. आयोगाच्या २०१९ च्या सूचनांत अतिथी शिक्षकाला प्रतिव्याख्यान १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा आकडा आहे. तो वाचून तालुक्याच्या कॉलेजात तेवढे मिळतील असा हिशेब करू नका.

पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. बिल कॉलेजातून सहसंचालक कार्यालयात जाते, निधी येतो, मग वाटप होते. सत्र संपल्यावर हाती पडले तरी नवल नाही. नेट-सेट, पीएच.डी. झालेली कितीतरी मुले याच मानधनावर वर्षानुवर्षे संसार ओढत आहेत, हे त्या स्टाफरूममध्ये बसताना कायम ध्यानात ठेवा. तुमचा पगार दुसरीकडून येतो, त्यांचा येत नाही. तासिका वाटताना त्यांचे तास कापून तुम्हाला देऊ पाहात असतील तर नाही म्हणा. जिथे पात्र माणूस मिळालेलाच नाही तिथे जा.

तुमच्याकडून एवढेच करा की प्रत्येक तासाची नोंद त्याच दिवशी करा: तारीख, वर्ग, घटक, उपस्थिती. महिनाअखेर विभागप्रमुखांची सही घ्या आणि प्रत जवळ ठेवा.

वर्गात

अभियंत्याला सूत्र लावून उत्तर काढायची सवय असते. विज्ञानाच्या वर्गात सूत्र कुठून आले हेच शिकवायचे असते. पहिले काही आठवडे घरून सूत्राची सिद्धता पूर्ण लिहून न्या.

चिन्हांचा गोंधळ होतो, तो आधीच बघा. आपण काल्पनिक संख्येला ‘जे’ लिहितो, तिथे ‘आय’. उष्मागतिकीच्या पहिल्या नियमात भौतिकशास्त्रवाले व्यवस्थेने केलेले कार्य धन धरतात, रसायनवाले व्यवस्थेवर झालेले. एकाच दिवशी लागोपाठच्या दोन तासांत मुले दोन्ही ऐकतात आणि कोणी त्यांना फरक सांगत नाही. तो तुम्ही सांगा. जुन्या पुस्तकांत सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धती भेटते, तिचीही तयारी ठेवा.

भाषा हा मोठा भाग आहे. बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठीत शिकलेली असतात आणि विद्यापीठाचे पुस्तक इंग्रजीत. समजावणे मराठीत, पारिभाषिक शब्द इंग्रजीत, आणि फळ्यावर दोन्ही, हे चांगले चालते. मूल वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत प्रश्न विचारत असेल तर त्याची भाषा सुधारायला जाऊ नका. प्रश्न विचारला हे मोठे आहे.

उदाहरणे भोवतालची घ्या. इथे अभियंत्याची बरोबरी कोणी करू शकत नाही. कार्नो इंजिन शिकवताना चंद्रपूरचे वीज केंद्र घ्या. वाफ साधारण ५४० अंश सेल्सियस, म्हणजे ८१३ केल्विन. थंड बाजू ४५ अंश धरली तर ३१८ केल्विन. कार्नोची मर्यादा ६१ टक्के निघते. प्रत्यक्षात अशा संचाची कार्यक्षमता पस्तीस टक्क्यांच्या आसपास असते. मधले पंचवीस टक्के कुठे गेले, हा प्रश्न टाकून थांबा. ज्या मुलाचे वडील त्याच केंद्रात कंत्राटी कामगार आहेत, तो त्या तासानंतर चिमणीकडे वेगळ्या नजरेने बघतो.

कृषिपंप घ्या. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. वीस मीटर खोल विहिरीतून पाणी उचलायला काहीच वाया गेले नाही तर सेकंदाला १९ लिटर आले पाहिजे. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर साडेनऊ लिटर, म्हणजे दोनशे लिटरचा ड्रम एकवीस सेकंदांत भरेल. मुलांना घरी जाऊन ड्रम भरण्याचा वेळ मोजायला सांगा. पुढच्या तासाला येणारी उत्तरे वेगवेगळी असतात, आणि का वेगवेगळी याची चर्चा पाइपातले घर्षण, झिजलेला इम्पेलर, कमी व्होल्टेज अशी आपोआप पुढे जाते. डीपीपासून लांबच्या घरी २३० च्या जागी १८० व्होल्ट येत असतील तर हजार वॉटची शेगडी ६१२ वॉटच देते. व्होल्टेजचा वर्ग कसा काम करतो हे त्या मुलीला सूत्राआधीच ठाऊक असते, तिने संध्याकाळी चहाला लागणारा वेळ पाहिलेला असतो.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले कॉलेज असेल तर विहिरींच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. मल्टिमीटर लावून थेट रोध का मोजता येत नाही, तिथे प्रत्यावर्ती प्रवाह का लागतो, हे इलेक्ट्रोडवरच्या ध्रुवणाचे प्रकरण त्यातून जिवंत होते.

प्रयोगशाळा

पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या कपाटांतून फिरा. सोडियमचा दिवा लागत नाही, स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू अडकला आहे, कॅरी-फॉस्टर ब्रिजची तार गंजली आहे, गॅल्व्हनोमीटरच्या काट्याला हालचाल नाही. हे सगळे थोड्या पैशात दुरुस्त होण्यासारखे असते आणि वर्षानुवर्षे तसेच पडलेले असते, कारण डेडस्टॉक रजिस्टरवरच्या, म्हणजे कायम सामानाच्या नोंदवहीतल्या, वस्तूला हात कोण लावणार? तेव्हा आधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या, काय उघडले आणि काय बदलले ते लिहून ठेवा, आणि प्रयोगशाळा परिचरांना सोबत घ्या. ते भाऊ तिथे वीस वर्षे असतात. कोणते उपकरण का बंद आहे हे त्यांना ठाऊक असते, फक्त कोणी विचारलेले नसते.

दुरुस्ती मुलांसमोर करा. फ्यूज तपासणे, सोल्डर करणे, मल्टिमीटरने सातत्य बघणे हे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही अनेकदा येत नाही, कारण हात लावायला दिलेला नसतो.

नवे घ्यायला पैसे नसतील तरी मार्ग आहेत. फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलमधल्या संवेदकांवर लंबक, मुक्त पतन, ध्वनीचा वेग असे प्रयोग करू देते. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात ते तयार झाले. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले एक्सपाइज हे छोटे उपकरण संगणकाला जोडले की ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटरचे काम करते. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. पण सिम्युलेशन दाखवून प्रात्यक्षिक झाले असे मानू नका. चुकलेले वाचन, हललेला टेबल, लटपटणारी पिन यांतूनच मोजमाप शिकता येते.

वेळापत्रक शेतीकडे बघून करा. पूर्व विदर्भात धानाच्या रोवणीला आणि पश्चिमेकडे सोयाबीनच्या सोंगणीला, पुढे कापसाच्या वेचणीला, उपस्थिती घटते. ही मुले वर्ग चुकवत नाहीत, घरच्या मजुरीचा भाग असतात. त्या आठवड्यांत नवीन प्रयोग न लावता राहिलेले प्रयोग करून घ्या आणि दुसऱ्यांदा संधी देण्याची पद्धत ठेवा. तुकडी लावताना शेवटच्या बसची वेळ विचारा. बस चुकेल म्हणून निम्मे वाचन सोडून जाणारी मुलगी हुशार नाही असे निरीक्षण नोंदवहीत होऊ नये.

नव्या धोरणात अभियंत्याची जागा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली. सत्रात साधारण १५ तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक (क्रेडिट), प्रात्यक्षिकाला त्यासाठी ३० तास. त्यात व्यावसायिक कौशल्याचे आणि कौशल्यवृद्धीचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, आणि कार्यप्रशिक्षणही, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणे. घरगुती वायरिंग, सौर पॅनेलची देखभाल, संवेदक, माहिती विश्लेषण असे विषय कॉलेजे निवडतात आणि मग शिकवायला माणूस शोधत बसतात. एम.एस्सी. पूर्ण होण्याआधीही इथे तुमची मदत घेता येते, निदान तज्ज्ञ म्हणून काही सत्रांसाठी.

कार्यप्रशिक्षणाचे तर मी आग्रहाने सांगेन. नागपूरच्या मुलाला कंपनी सापडते, सिरोंचा किंवा धारणीच्या मुलाला सापडत नाही. तुम्ही ज्या केंद्रात, कारखान्यात, उपकेंद्रात काम करता तिथे चार-पाच मुलांना रीतसर पत्रव्यवहार करून, सुरक्षेचे प्रशिक्षण देऊन काही आठवडे घेता आले, तर ते तुमच्या सत्रभराच्या व्याख्यानांइतकेच मोलाचे आहे. यासाठी नेमणूकही लागत नाही.

एक-दोन वर्षांनंतर

मन रमले तर पीएच.डी.चा विचार करा. आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. त्यासाठी नोकरीतून ना हरकत प्रमाणपत्र लागते. विषय इथलाच घ्या: राखेचे गुणधर्म, भूजलातले फ्लोराइड, सौर पंपांची कार्यक्षमता. प्रयोगशाळेच्या बाहेरच नमुने मिळतात. अर्थात सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला २०२३ च्या दुरुस्तीनंतर नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्य पातळीवरची परीक्षा) हीच किमान अट आहे, पीएच.डी. ऐच्छिक. म्हणून सेट बाजूला ठेवून पीएच.डी.च्या मागे लागू नका. तासिकांचा अनुभव पुढे पूर्णवेळ सेवेत आपोआप मोजला जाईल असेही धरू नका.

दर सत्राच्या शेवटी प्राचार्यांच्या सहीचे अनुभव प्रमाणपत्र घ्या. त्यात विषय, वर्ग, नेमणुकीचा कालावधी, घेतलेल्या तासिका आणि विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक असावा. पाच वर्षांनी मागायला गेलात तर तेव्हाचे प्राचार्य निवृत्त झालेले असतात आणि कार्यालयात रजिस्टर सापडत नाही. दुरुस्त केलेल्या उपकरणांची यादी आणि सर्किटच्या आकृत्या विभागात ठेवून जा, एक प्रत परिचर भाऊंकडे द्या. मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या तासिकांबद्दल विभागप्रमुखांना फोन करा, कारण कार्यभाराचा तक्ता तेव्हाच तयार होत असतो.